देवदूतांविषयी आपण मुलांना काय शिकवतो? मराठी मंडळ्यांचे पाळक आणि शब्बाथशाळेच्या शिक्षकांना खुलं पत्र

आदरणीय पाळकसाहेब, पंच कमिटीचे सभासद आणि शब्बाथशाळेत शिकवणाऱ्या बंधुभगिनींनो,

प्रभूमध्ये सलाम.

नाताळच्या कार्यक्रमांची जुळवाजुळव आता सुरू होईल. नाटिका कोण बसवणार, मेंढपाळ कोण होणार, पांढरे झगे कुणाच्या घरी पडून आहेत, हे सगळं ठरेल. त्याच वेळी पुढच्या वर्षाचे धडेही ठरतात, म्हणून हे पत्र आत्ताच लिहिते आहे. माझी विनंती एका विषयापुरती आहे. देवदूतांबद्दल आपण जे शिकवतो ते फार थोडं आहे, बरंचसं शोभेचं आहे, आणि दोन ठिकाणी तर त्याने दुखावलेल्या माणसांना आणखी दुखवलं जातं. पवित्र शास्त्रात या विषयावर पुष्कळ आहे. ते मुलांपर्यंत पोहोचावं, एवढंच मागणं आहे.

पंखांचं आधी उरकते, कारण त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. लूकच्या दुसऱ्या अध्यायात मेंढपाळांसमोर प्रभूचा दूत उभा राहतो, प्रभूचं तेज त्यांच्याभोवती पसरतं आणि ते भयंकर घाबरतात. पंखांचा उल्लेख तिथे कुठेही नाही. डोक्यावरच्या सोनेरी कड्याचाही नाही. नंतर येतो तो स्वर्गातल्या सैन्याचा समुदाय. हो, सैन्याचा. तेच सैन्य पृथ्वीवर शांती जाहीर करतं, आणि लूकने ही जी गंमत केली आहे ती आपल्या नाटिकांत कायम हरवते, कारण आपण तिथे बालवाडीच्या मुली उभ्या करतो. माणसासारख्या दूतांना पंख लावायची पद्धत ख्रिस्ती चित्रकलेत चौथ्या शतकाच्या अखेरीस रुळली. त्याआधीच्या चित्रांत ते साधे पुरुषच दिसतात. झगे शिवून झाले असतील तर पंखही लावा, माझी तक्रार नाही.

पंख शास्त्रात आहेत, पण ते दुसऱ्यांना. यशयाच्या सहाव्या अध्यायातल्या सराफीमांना सहा-सहा पंख आहेत. दोहोंनी ते तोंड झाकतात, दोहोंनी पाय झाकतात आणि दोहोंनी उडतात. सहांतले चार पंख देवापुढे स्वतःला झाकण्यासाठी, ही गोष्ट मुलांना एकदा सांगून पाहा, वर्ग गप्प होतो. मंदिराच्या उंबऱ्याचे पाये हादरत असतात, सगळीकडे धूर भरलेला असतो आणि 'पवित्र, पवित्र, पवित्र' असा घोष चाललेला असतो. करूबही तसेच. एदेन बागेच्या वाटेवर ते पहाऱ्याला उभे आहेत, कराराच्या कोशावर दयासनाच्या दोन टोकांना ते पंख पसरून आहेत, आणि यहेज्केलाला दिसले तेव्हा प्रत्येकाला मनुष्य, सिंह, बैल आणि गरुड अशी चार-चार मुखं होती.

इथे थोडं विषयांतर करते. तरुण मुलं हल्ली मोबाइलवर 'बायबलमधले खरे देवदूत' म्हणून डोळ्यांनी भरलेली फिरती चाकं दाखवतात आणि म्हणतात, तुम्ही आम्हाला फसवलंत. त्यांना रागवू नका, यहेज्केलाचा पहिला अध्यायच उघडा. डोळ्यांनी भरलेली चाकं तिथे आहेत, पण ती त्या चार प्राण्यांच्या बाजूला आहेत. त्या अध्यायात त्या प्राण्यांनाही कुणी देवदूत म्हणत नाही. ते करूब आहेत हे दहाव्या अध्यायात कळतं. निरोप घेऊन येणारे दूत बहुतेक वेळा माणसांसारखेच दिसतात, इतके की अब्राहामाने भर उन्हात आलेल्या तीन पाहुण्यांना पाय धुवायला पाणी दिलं, वासरू कापून जेवू घातलं. सदोमात लोटाकडे आलेल्या दोघांना गावानेही साधी माणसंच समजून घेराव घातला. मार्कच्या शुभवर्तमानात रिकाम्या कबरेत बसलेला आहे तो पांढरा झगा घातलेला एक तरुण. इब्री लोकांस पत्राच्या तेराव्या अध्यायात अतिथिप्रेम विसरू नका असं सांगून लगेच म्हटलं आहे की काहींनी असा पाहुणचार करताना नकळत देवदूतांचा पाहुणचार केला. मोबाइलवरची चाकं बघण्यात हे सुटून जातं.

देवदूत दिसतात कसे, यापेक्षा शास्त्राला ते कशासाठी येतात याचं जास्त महत्त्व वाटतं, आणि धड्यांचा बराचसा वेळ इथे जावा असं मला वाटतं.

परमेश्वराचा दूत पहिल्यांदा भेटतो तो हागारेला. मिसरी दासी, मालकिणीच्या जाचाला कंटाळून पळालेली, गरोदर, रानात एका झऱ्यापाशी बसलेली. अब्राहामाच्या घरातल्या कुणाला नाही, पळून गेलेल्या दासीला. तो तिला नावाने हाक मारतो आणि विचारतो, तू कुठून आलीस आणि कुठे चाललीस? ती परमेश्वराला 'पाहणारा देव' असं नाव देते. देवाला नाव देणारी ती बाई. या प्रसंगी आणि मोशेच्या जळत्या झुडपापाशी परमेश्वराचा दूत बोलतो तो स्वतः देव बोलल्यासारखा, आणि त्यावरून मंडळीत जुना विचारविनिमय आहे. दुसऱ्या शतकातल्या जस्टिन मार्टरला तिथे देहधारी होण्याआधीचा पुत्र दिसला. चौथ्या-पाचव्या शतकातल्या ऑगस्टीनचा कल देव तिथे निर्मित दूतामार्फत बोलतो असं मानण्याकडे होता. वरच्या वर्गात दोन्ही मतं सांगावीत. मुलांना मतभेद झेपतात.

मग एलीया संदेष्टा. कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवून आलेला, आणि ईजबेल राणीची एक धमकी ऐकून पळालेला. रानात एका रतामाच्या झुडपाखाली बसून तो मरण मागतो आणि झोपी जातो. दूत येऊन त्याला स्पर्श करतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. तो खाऊन पुन्हा झोपतो, दूत पुन्हा येतो, पुन्हा तेच सांगतो, फक्त या वेळी जोडतो की वाट तुला झेपणारी नाही. उपदेश नाही. विश्वास कुठे गेला असा प्रश्न नाही. खचलेल्या माणसाला झोपू देऊन दोनदा जेवायला उठवणं, एवढंच काम घेऊन तो दूत आला आहे. आपल्या मंडळ्यांतही खचलेली माणसं आहेत, त्यांतली काही पाळकही आहेत, आणि त्यांच्याशी कसं वागावं हे 'पहिले राजे'च्या या एकोणिसाव्या अध्यायातून शिकवता येतं. पण ते पुस्तक उघडलं की आपण कर्मेलच्या अग्नीवर थांबतो.

काम झालं की दूत निघून जातो. शमशोनाचा बाप मानोहा याने नाव विचारलं तर ते सांगितलं नाही, जेवण केलं नाही, होमाच्या ज्वाळेतून वर निघून गेला. मानोहा घाबरला की आता आपण मरणार, आणि त्याच्या बायकोने त्याला समजावलं की आपल्याला मारायचंच असतं तर देवाने आपलं अर्पण स्वीकारलंच नसतं. शास्ते तेरा हा अध्याय त्या बाईसाठी तरी वाचावा. इब्री लोकांस पत्राच्या पहिल्या अध्यायाचं शेवटचं वचन देवदूतांची ओळख अशी करून देतं: ते सगळे सेवा करणारे आत्मे आहेत, तारणाचा वारसा मिळणाऱ्यांच्या सेवेसाठी पाठवलेले. त्याच अध्यायाचा सगळा जोर पुत्र त्यांच्यापेक्षा श्रेष्ठ आहे यावर आहे. प्रमुख देवदूत मीखाएल म्हणजेच येशू असं यहोवाचे साक्षीदार शिकवतात. कुणी दारात येऊन तसं सांगितलं तर भांडू नका, हा अध्याय सोबत बसून वाचा.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसले ते.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय बारा, तुरुंगातून पेत्राची सुटका. शब्बाथशाळेचा हा आवडता धडा. चार-चार शिपायांच्या चार तुकड्या, दोन शिपायांच्या मध्ये दोन साखळ्यांनी बांधून झोपलेला पेत्र, कुशीत मारून उठवणारा दूत, 'वहाणा घाल' असं आईसारखं सांगणं, आपोआप उघडणारं लोखंडी दार. मग एक रस्ता चालून गेल्यावर दूत दिसेनासा होतो. पुढे रुदा आनंदाच्या भरात दार उघडायचंच विसरते आणि आत धावते, आणि आतली प्रार्थना करणारी मंडळी तिला वेडी ठरवते. मुलं हसतात. धडा संपतो आणि आपण सांगतो, 'बघा, देव आपल्या लेकरांसाठी दूत पाठवतो.'

पण हा अध्याय पेत्रापासून सुरू होत नाही. दुसऱ्या वचनात हेरोद योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारतो. एवढंच वाक्य आहे. याकोबासाठी कोणताही दूत आल्याचं लूक सांगत नाही, लोखंडी दार उघडल्याचं सांगत नाही. याकोब काही दुय्यम शिष्य नव्हता. रूपांतराच्या डोंगरावर, याईराच्या घरात, गेथशेमाने बागेत प्रभूने ज्या तिघांना जवळ घेतलं त्यांतला तो एक. त्याच्या आईने प्रभूपाशी त्याच्यासाठी जागा मागितली होती. पेत्रासाठी मंडळी एकाग्रतेने प्रार्थना करत होती असं लूक लिहितो, आणि याकोबासाठी कुणी प्रार्थना केलीच नसेल असं मानायला मला तरी कारण दिसत नाही. शेवटाकडे ते शिपाईही मारले जातात ज्यांच्या डोळ्यांदेखत कैदी नाहीसा झाला होता. आणि ज्याच्या हुकमाने हे सगळं घडलं त्या हेरोद अग्रिप्पाला त्याच अध्यायात प्रभूचा दूत मारतो. म्हणजे एकाच अध्यायात दूत एकाला सोडवतो, एकाला मारतो, आणि एकासाठी आल्याची नोंदच नाही.

माझ्या पाहण्यातल्या धड्यांच्या पुस्तकांत हे दुसरं वचन गाळलेलं असतं. कारण समजतं, लहान मुलांना तलवार कशाला दाखवायची. पण वर्गात अशीही मुलं बसलेली असतात ज्यांचे वडील अपघातात गेले, ज्यांची बहीण तापाने गेली. 'देव आपल्या लेकरांसाठी दूत पाठवतो' हे ऐकून ती मनात काय हिशोब करत असतील? एक तर देवाने आपल्याकडे दुर्लक्ष केलं, नाही तर आपण त्याची लेकरं नाही. हा हिशोब त्यांना आपणच करायला लावतो. दुसरं वचन वाचलं असतं तर त्यांना निदान हे कळलं असतं की पहिल्या मंडळीतही असंच घडलं होतं आणि मंडळीने ते लपवलं नाही.

स्तोत्र ९१ बद्दलही हेच. आपल्या घरांच्या भिंतींवर, गाड्यांच्या काचांवर, दवाखान्यात उशीखाली हे स्तोत्र असतं. ते असावंही. तो तुझ्याविषयी आपल्या दूतांना आज्ञा देईल, तुझ्या पायाला ठेच लागू नये म्हणून ते तुला हातांवर झेलून धरतील. पण नव्या करारात ही ओळ मोठ्याने म्हणून दाखवतो कोण? मंदिराच्या शिखरावर येशूला उभा करून सैतान ती म्हणतो. येशू स्तोत्र खोटं ठरवत नाही. परमेश्वर तुझा देव याची परीक्षा पाहू नको, असं अनुवाद या पुस्तकातलं वचन सांगून तो नकार देतो. मत्तयाच्या त्याच चौथ्या अध्यायात पुढे, सैतान निघून गेल्यावर, देवदूत येऊन त्याची सेवा करतातच. पुढे गेथशेमाने बागेत तो म्हणतो की मागितलं तर पिता आत्ता बारा सैन्यांहून अधिक देवदूत पाठवील, आणि मागत नाही. लूकच्या वर्णनात तिथे एक दूत येऊन त्याला बळ देतो. (हे वचन काही फार जुन्या हस्तलिखितांत नाही, मोठ्या मुलांना तेही सांगायला हरकत नाही.) बळ मिळाल्यावर तो जातो कुठे, तर वधस्तंभाकडे.

दानीएलाच्या तीन मित्रांचं उदाहरण यासोबत ठेवावं. भट्टीत चौथा दिसला हे सगळ्यांना ठाऊक असतं. भट्टीत जाण्याआधी ते राजाला काय म्हणाले ते फार कमी मुलांना पाठ असतं: आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने सोडवलं नाही तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही. पाठांतराला हे वचन द्या. तिसरा अध्याय, वचनं सतरा आणि अठरा.

दुसरी जागा दफनविधीची. लहान मूल गेलं की कबरस्तानात कुणी तरी म्हणतं, 'देवाला एक देवदूत हवा होता.' पुष्पचक्राच्या फितीवरही तसंच लिहिलेलं असतं. म्हणणाऱ्याचं मन चांगलं असतं, म्हणून तिथे कुणी काही बोलत नाही, आणि बोलूही नये. पण पाळकांनी व्यासपीठावरून तरी हे वाक्य उचलू नये ही हात जोडून विनंती. शास्त्रात माणूस मेल्यावर देवदूत होत नाही. इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायात स्वर्गीय यरुशलेमेचं वर्णन आहे, तिथे लाखो देवदूत आणि पूर्ण केलेल्या नीतिमानांचे आत्मे वेगवेगळे मोजले आहेत. पुनरुत्थित माणसं देवदूतांसमान असतील असं येशू म्हणतो ते पुनरुत्थान न मानणाऱ्या सदूकींच्या लग्नाच्या प्रश्नाला उत्तर देताना: ती मरणार नाहीत, लग्न करणार नाहीत. इब्री लोकांस पत्राचा दुसरा अध्याय तर म्हणतो की पुत्र देवदूतांच्या साहाय्याला आला नाही, तो अब्राहामाच्या संतानाच्या साहाय्याला आला आणि त्याने रक्तमांस धारण केलं. करिंथकरांना पौल लिहितो की आपण देवदूतांचा न्याय करणार आहोत. पेत्र लिहितो की शुभवर्तमानाच्या गोष्टी डोकावून पाहायची देवदूतांना उत्कंठा आहे. मग ज्या लेकरासाठी ख्रिस्त माणूस झाला त्याला देवदूत करून टाकण्यात त्याची बढती कसली?

आणि देवाला एक देवदूत कमी पडला म्हणून त्याने आमचं बाळ नेलं, हे ऐकणाऱ्या आईला देव कसा वाटेल, याचा विचार कुणी केला आहे का? त्यापेक्षा दाविदाचं वाक्य आहे. बाळ गेल्यावर तो म्हणाला, मी त्याच्याकडे जाईन, पण ते माझ्याकडे परत येणार नाही. यात खोटी समजूत नाही, दुःख पुसून टाकण्याची घाई नाही. बाळ बाळच राहतं, बाप बापच राहतो.

मुलांच्या राखणदार दूतांबद्दल विचारतात. 'त्यांचे देवदूत माझ्या पित्याचं मुख नेहमी पाहतात' हे मत्तयाच्या अठराव्या अध्यायातलं येशूचं वचन स्पष्ट आहे. प्रत्येकाला एक असा नेमलेला दूत आहे का, यावर कॅथलिक मंडळीची शिकवण होकारार्थी आहे आणि २ ऑक्टोबरला त्यांचा सणही असतो. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन याला एवढं निश्चित सांगता येत नव्हतं. एकाच्या मागे एक असण्यापेक्षा सगळं सैन्यच आपल्या बाजूने आहे यावर त्याने भर दिला. मी कॅल्विनच्या बाजूची. पण त्या वचनाची सुरुवात 'या लहानांतल्या एकालाही तुच्छ मानू नका' अशी आहे, आणि शब्बाथशाळेत लेकरांवर ओरडणाऱ्या आपल्यातल्या काहींनी ती आधी वाचावी.

कॅथलिक बंधूंचं नाव निघालंच आहे तर एक. त्यांच्याकडे २९ सप्टेंबरला मीखाएल, गब्रीएल आणि राफाएल यांचा सण असतो. माहीमचं आणि गोव्यात हणजुणेचं चर्च मीखाएलच्याच नावाचं. राफाएल तोबीतच्या पुस्तकातला, जे आपल्या बायबलात नाही. ते देवदूतांना पूजतात असं आपली माणसं सहज बोलून जातात. पण मनाला येतील त्या नावांनी देवदूतांना हाका मारणं रोमच्या सभेने ७४५ सालीच नाकारलं, आणि या तिघांखेरीज दूतांना नावं देऊ नयेत असं व्हॅटिकनने २००१ च्या मार्गदर्शिकेत पुन्हा बजावलं. उलट आपल्याच मंडळ्यांतली काही मुलं 'एंजल नंबर' म्हणून १११ आणि ४४४ चे अर्थ मोबाइलवर शोधतात, एंजल कार्डांवरून भविष्य विचारणाऱ्या बाईंकडे जातात, आणि त्यावर आपण एक धडाही घेत नाही. कलस्सै इथल्या मंडळीला पौलाने देवदूतांच्या उपासनेबद्दल सावध केलं होतं, आणि चौथ्या शतकात शेजारच्याच लावदिकीयात भरलेल्या सभेला तोच नियम पुन्हा करावा लागला. खोड जुनी आहे. नव्या करारात कुणीही देवदूताला प्रार्थना करत नाही. प्रकटीकरणात योहान दोनदा दूताच्या पाया पडतो आणि दोन्ही वेळा दूत त्याला अडवतो: असं करू नको, मी तुझ्या सोबतीचा दास आहे, देवाला नमन कर.

सैतानाच्या उगमावर तासन्‌तास बोलू नये असं माझं मत आहे. यशया चौदामध्ये बाबेलच्या राजावर आणि यहेज्केल अठ्ठावीसमध्ये सोरच्या राजावर विलापगीत आहे. ती वचनं सैतानाकडे वळवायची परंपरा जुनी आहे, पण मजकूर आधी त्या राजांचा आहे हे प्रामाणिकपणे सांगावं. पाप केलेल्या दूतांचा उल्लेख पेत्राच्या दुसऱ्या आणि यहूदाच्या पत्रात आहे, तोही थोडक्यात. उत्पत्ती सहामधल्या देवपुत्रांबद्दल आणि हनोखाच्या पुस्तकाबद्दल मुलं यूट्यूबवरून शिकून येतात. ते पुस्तक इथिओपियाच्या मंडळीच्या बायबलात आहे, आपल्या नाही, आणि यहूदाने त्यातलं एक वचन उद्धृत केलं आहे. हे माहीत असलेला शिक्षक वर्गात असला की पुरे.

तेव्हा मागणी अशी. पुढच्या वर्षाच्या धड्यांत निदान चार रविवार या विषयाला द्या: हागार, एलीया, कृत्यांचा पूर्ण बारावा अध्याय आणि प्रकटीकरणाचा शेवटचा अध्याय. बारावा अध्याय सातवीच्या पुढच्या वर्गांना दुसऱ्या वचनासकट शिकवा, आणि ज्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे त्या मुलांच्या घरी शिक्षकाने आधी जाऊन यावं. जुलैत याकोबाचा स्मरणदिन येतो, २५ तारखेला, तेव्हा तो धडा घेतला तर वर्षभराच्या क्रमातही बसेल. पाळकांनी दफनविधीसाठी दुसऱ्या शमुवेलाच्या बाराव्या अध्यायातला दाविदाचा उतारा आपल्या वहीत टिपून ठेवावा.

आणि नाटिकेत जमलं तर जखऱ्याचा प्रवेश घ्या. मंदिरात धूप जाळणारा म्हातारा याजक, त्याला गब्रीएल सांगतो की तुझी प्रार्थना ऐकली गेली, आणि याजकाचा विश्वासच बसत नाही. तो बाहेर येतो तेव्हा त्याला बोलता येत नाही, नुसते हातवारे करतो. आपल्याकडे हे काम सहज करतील असे दोन-तीन ज्येष्ठ सभासद प्रत्येक मंडळीत सापडतील.

आपली,
शब्बाथशाळेचा वरचा वर्ग घेणारी एक शिक्षिका